वेळासची अंडी हलवावीत का?

रविवारी कट्ट्यावर चहा येण्याआधीच वादाला तोंड फुटले. वकील नुकताच मंडणगड तालुक्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावाचा कासव महोत्सव, म्हणजे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याचा सोहळा, पाहून आला होता. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या मादीने स्वतः निवडलेल्या जागेवरून अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबण्यासाठी राखलेल्या जागेत, पुरणे ही निसर्गात ढवळाढवळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. "पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. जागा बदलली की तेही बदलू शकते," असे त्याने बजावले.

मुद्दा खरा असल्याने मास्तरांनी तो उडवून लावला नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम हाती घेतले, तेव्हा माणसे अंडी खाण्यासाठी नेत होती आणि उरलेली कुत्री-कोल्हे उकरत होते, हे त्यांनी सांगितले. "अंडी जागेवर उरलीच नसती, तर तापमानाचा प्रश्न कुणापुढे आला असता?"

मी एका कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्या कार्यकर्त्याला, हे काम करताना पाहिले आहे. पहाटे मादीच्या परतीच्या खुणांपाशी बसून त्याने कोपरापर्यंत हात वाळूत घातला आणि शंभराहून अधिक अंडी एकेक करून, जराही न फिरवता बाहेर काढली, कारण आतला गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडे उलटले तर तो मरतो. हॅचरीतला खड्डाही त्याने तेवढाच खोल आणि मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद व खाली रुंद खणला. एवढ्या काळजीला ढवळाढवळ म्हणणे मला पटत नाही. मात्र जिथे पिल्ले बाहेर येईपर्यंत सुमारे ५० दिवस राखण करणे शक्य आहे, तिथे घरटे हलवू नये, हे वकिलाचे म्हणणे मला मान्य आहे.

मग गाडी २००६ पासून भरणाऱ्या महोत्सवाकडे वळली. हॅचरीतल्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलताच पिल्लांवर मोबाइल रोखणारी गर्दी वकिलाला खटकली होती, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. पण पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तिथेच जेवतात, त्यामुळे कासव जगण्यात गावाचेही हित गुंतले आहे, ही बाजू मला अधिक वजनदार वाटते. बाहेरून आलेले स्वयंसेवक किती वर्षे किनारा राखणार? संस्थेने गावातलीच मुले या कामात तयार केली, हे तिचे मोठे काम आहे.

२०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर तिचा प्रवास कळावा म्हणून उपग्रह टॅग बसवला गेला, हे मास्तरांनी सांगितले, तेव्हा वकिलाने विचारले, "घरटी शोधायला पहाटे किती वाजता निघतात?"