रेड विंग्सच्या तरुण खेळाडूंची ती फिरती यादी मुळातच चुकली आहे

डेट्रॉइट रेड विंग्स या आइस हॉकी संघाच्या होतकरू खेळाडूंची एक क्रमवारी सध्या मिशिगनमधल्या मराठी ग्रुपांवर फिरते आहे. वर तक्ता, खाली पाच 'नियम' आणि शेवटी 'हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी अवश्य वाचा'. ती नोव्हायला राहणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोचली. वय तेरा, जन्म नोव्हेंबरचा, ट्रॅव्हल टीममध्ये खेळतो. यादी वाचून त्याने घरी विचारलं, आता आपलं काही होणार नाही ना? हॉकीची चर्चा करायची तर खुशाल करा, पण तेरा वर्षांच्या मुलाला असा प्रश्न पडत असेल तर त्या पाच नियमांचा हिशेब व्हायलाच हवा.

आइस हॉकीशी फारसा संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात: एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर उन्हाळ्यात सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो आणि २२४ तरुण निवडले जातात. गोल आणि असिस्ट (गोल होण्याआधीचा पास) यांची बेरीज म्हणजे पॉइंट. निवडलेला मुलगा लगेच एनएचएलमध्ये खेळतोच असं नाही. बहुतेक जण ज्युनियर लीग, कॉलेज, युरोपातल्या लीग किंवा एएचएल या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये काही वर्षं काढतात.

'ज्याचे पॉइंट जास्त तो वर.'

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. तक्त्यात कॅनडाच्या ज्युनियर लीग, अमेरिकेतली कॉलेजं आणि स्वीडनची एसएचएल, सगळ्यांचे पॉइंट एकाच रकान्यात घातले आहेत. ज्युनियरमध्ये समोर १६ ते २० वर्षांची मुलं असतात. एसएचएलमध्ये संसारी, तिशीतले व्यावसायिक बचावपटू असतात. हॅरिस शील्डमधल्या आणि रणजीतल्या धावा एकाच रकान्यात मांडून कोणी मुंबईचा संघ निवडेल का?

२०२०च्या ड्राफ्टचंच बघा. मार्को रॉसीने ओएचएल या कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये ५६ सामन्यांत १२० पॉइंट केले होते. कोल पर्फेटीने त्याच लीगमध्ये ६१ सामन्यांत १११. लुकास रेमंडचे एसएचएलमध्ये ३३ सामन्यांत फक्त १०. या तक्त्याच्या नियमाने रेमंड पार तळाला जातो. डेट्रॉइटने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. रॉसी नववा गेला आणि पर्फेटी दहावा. २०२४-२५च्या मोसमात रेमंडचे ८० पॉइंट झाले, रॉसीचे ६० आणि पर्फेटीचे ५०. तिघेही चांगले खेळाडू आहेत, पण त्यांचा क्रम १२० आणि १०च्या फरकातून कोणालाच दिसला नसता.

जरा जाणकार मंडळी म्हणतील, लीगनुसार गुणांक लावा. जरूर लावा. ढोबळमानाने ओएचएलला ०.३, एएचएलला ०.४५ आणि एसएचएलला ०.५५च्या आसपास धरतात. दर सामन्याचे पॉइंट गुणिले गुणांक गुणिले ८२, म्हणजे एनएचएलच्या एका मोसमाचा अंदाज. रॉसीचा येतो ५३, रेमंडचा १४. नुसत्या आकड्यांत सातपट असलेली तफावत चौपटीच्या खाली आली, तरी क्रम उलटाच राहिला. कारण गुणांक फक्त लीगची पातळी मोजतो, मुलगा बर्फावर किती वेळ होता ते नाही. सतरा वर्षांच्या मुलाला स्वीडनच्या वरच्या संघात चौथ्या फळीत थोडीच मिनिटं मिळतात, पॉवर-प्लेवर (प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) तर क्वचितच. ज्युनियरमधला हुकमी खेळाडू मात्र पॉवर-प्लेची पूर्ण दोन मिनिटं बर्फावर असतो. म्हणून आधी सामन्यागणिक मिनिटं काढायची, मग पाच-विरुद्ध-पाचचे पॉइंट वेगळे करायचे, मग पहिले आणि दुसरे असिस्ट वेगळे करायचे. एका गोलवर दोन असिस्ट देता येतात आणि दुसरा असिस्ट बऱ्याचदा योगायोगाचा असतो. हे सगळं झाल्यावर गुणांक लावायचा. डेट्रॉइटच्या मार्को कास्परने २०२३-२४मध्ये एएचएलमध्ये ७१ सामन्यांत ३५ पॉइंट केले. नुसत्या गुणांकाने एनएचएलचे १८ येतात. पुढच्याच मोसमात त्याने १९ गोलांसह ३७ केले.

याच नियमाखाली आणखी एक लोणकढी थाप आहे: 'सेंट्रल स्काउटिंगमध्ये सहावा म्हणजे जगात सहावा.' सेंट्रल स्काउटिंग, म्हणजे एनएचएलचा तरुण खेळाडू हेरणारा विभाग, चार वेगळ्या याद्या काढतं. उत्तर अमेरिकेतले स्केटर (गोलकीपर सोडून बाकीचे खेळाडू), युरोपातले स्केटर, आणि दोन्हीकडचे गोलकीपर. त्या एकत्र करून एक क्रम लावताच येत नाही. मोरित्स झायडर २०१९मध्ये युरोपीय स्केटरांच्या यादीत सहावा होता. डेट्रॉइटचा जनरल मॅनेजर स्टीव्ह आयझरमनने त्याला थेट सहाव्या क्रमांकावर निवडलं तेव्हा खुद्द झायडरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. अनेकांनी त्या निवडीला नाकं मुरडली. २०२२मध्ये सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी त्यालाच मिळाली.

'ड्राफ्टचं वर्ष एक म्हणजे वय एक. अठराव्या वर्षी वरच्या यादीत नसलेला मुलगा संपला.'

हा नियम वाचून तळपायाची आग मस्तकाला जाते. तो चुकीचा तर आहेच, शिवाय घराघरातल्या मुलांना नाउमेद करणारा आहे.

इथे दोन वेगवेगळ्या तारखा आहेत आणि यादी करणाऱ्याला एकही ठाऊक नाही. अमेरिकेत आणि कॅनडात लहान मुलांचे गट १ जानेवारीने ठरतात. ड्राफ्टची पात्रता १५ सप्टेंबरने ठरते. त्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण झालेला मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये येतो. म्हणजे नोव्हेंबरात जन्मलेला मुलगा लहानपणी आपल्या गटात सगळ्यांत लहानांपैकी असतो. जानेवारीतला मुलगा त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठा, उंच, वजनदार. अमेरिकेत चौदा वर्षांखालच्या गटापासून अंगावर धडक देण्याची परवानगी मिळते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. प्रशिक्षक साहजिकच मोठ्या मुलाला जास्त खेळवतात, पहिल्या फळीत घेतात, पॉवर-प्ले देतात. त्याचे पॉइंट वाढतात, मग त्याला आणखी चांगला संघ मिळतो. हे चक्र चार-पाच वर्षं चाललं की लोक त्यालाच गुणवत्ता म्हणू लागतात.

यावर एक भक्कम अभ्यास आहे आणि तोही मिशिगनमधला. ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. ड्राफ्ट झालेल्या कॅनेडियन खेळाडूंच्या दोन दशकांहून जास्त काळाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले ३६ टक्के होते, ऑक्टोबर ते डिसेंबरमधले फक्त साडेचौदा टक्के. इतपत अनेकांना ठाऊक असतं. खरी गोष्ट पुढे आहे. वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत जन्मलेल्यांना, त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने, चाळीसहून जास्त क्रमांक उशिरा निवडलं गेलं होतं. ४०० सामने किंवा २०० पॉइंट असे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीतल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. थोडक्यात, पैशापाण्यावर आणि नोकरीवर पाणी सोडायची वेळ येऊ शकते अशा निवडींतसुद्धा व्यावसायिक स्काउट वर्षाच्या उत्तरार्धातल्या मुलांना कमी लेखत आले. ग्रुपवरचा तक्ता त्याहून काय वेगळं करणार?

ड्राफ्टच्या वेळी मात्र उलटं होतं, आणि तेही तक्त्यात नाही. रॉसीचा जन्म २३ सप्टेंबर २००१चा. आठ दिवस आधी जन्मला असता तर तो २०१९च्या ड्राफ्टमध्ये आला असता. त्याचे १२० पॉइंट ड्राफ्टच्या गटातल्या मोठ्या मुलाचे आहेत. रेमंड त्याच्याहून सहा महिन्यांनी लहान. या वयात सहा महिने म्हणजे जवळजवळ एक मोसम. त्यामुळे ड्राफ्टच्या वर्षाशेजारी जन्मतारीख हवीच, नाहीतर तुलना व्यर्थ.

'एकविसाव्या वर्षीही एएचएलमध्ये असेल तर बाद समजा.'

ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स हा डेट्रॉइटचा एएचएलमधला संघ. तिथे कोण आणि का खेळतो, यामागे खेळाइतकेच कराराचे नियम असतात. अठराव्या किंवा एकोणिसाव्या वर्षी करार केलेला मुलगा एनएचएलच्या मोसमात दहापेक्षा कमी सामने खेळला, तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराची सुरुवात वर्षभर पुढे सरकते. सिमोन एडविन्सन २०२२-२३मध्ये डेट्रॉइटकडून नेमके नऊ सामने खेळला. यादीत त्याच्यापुढे 'चाचणीत नापास' असा शेरा आहे. हा आकडा मुद्दाम ठरवलेला असतो हो! दहावा सामना म्हणजे करारातलं एक स्वस्त वर्ष खर्ची.

दुसरं कारण वेव्हर्स या नियमाचं. खाली पाठवायच्या खेळाडूची त्यातली सूट संपलेली असेल तर आधी इतर ३१ संघांना त्याला फुकट उचलण्याची संधी द्यावी लागते. अठराव्या वर्षी करार केलेल्या स्केटरला ही सूट पाच वर्षं किंवा १६० सामने मिळते, जे आधी होईल ते. संघात २३ जणांचीच जागा असते. सरावशिबिराच्या शेवटी सूट असलेला तरुण आणि सूट नसलेला जुना खेळाडू यांत निवड आली की तरुण खाली जातो, मग तो थोडा सरस असला तरी. एडविन्सन दोन मोसम असाच ये-जा करत होता. २०२४-२५मध्ये पूर्णवेळ आला आणि झायडरच्या जोडीला खेळला.

'कोसा वाया गेला. त्याच्याऐवजी वायट जॉन्स्टन मिळाला असता.'

२०२१मध्ये डेट्रॉइटने डॅलसशी सौदा करून पंधराव्या क्रमांकावर गोलकीपर सेबास्टियन कोसा घेतला. डॅलसने बदल्यात मिळालेल्या तेविसाव्या क्रमांकावर जॉन्स्टनला निवडलं. जॉन्स्टनने २०२४-२५मध्ये ३३ गोल केले. हळहळ वाटते, नाकारत नाही. पण त्या वर्षी कोविडमुळे ओएचएलचा मोसमच झाला नव्हता. त्या मोसमातले जॉन्स्टनचे ज्युनियरचे पॉइंट शून्य होते. यादीच्या पहिल्या नियमाने तो निवडलाच गेला नसता, आणि आता तीच यादी त्याच्या नावाने गळा काढते.

गोलकीपरला तर एकविसाव्या वर्षी मोजायचंच नसतं. जिमी हॉवर्डला डेट्रॉइटने २००३मध्ये घेतलं आणि तो २००९-१०मध्ये, पंचविसाव्या वर्षी, मुख्य गोलकीपर झाला. कॉनर हेलेबक २०१२मध्ये १३०वा निवडला गेला होता. २०२५मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी त्याने घेतली. कोसा आधी टोलेडोला, एएचएलच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये, मग ग्रँड रॅपिड्सला खेळला. डिसेंबर २०२४मध्ये बफेलोत डेट्रॉइटच्या सामन्यात मधूनच उतरवला गेला आणि पदार्पणातच सामना जिंकून आला. तो मोठा गोलकीपर होईलच असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. 'वाया गेला' हे मात्र नक्कीच नाही.

'पहिल्या फेरीबाहेरचे सगळे भरताड.'

यात अर्धं खरं आहे, मानावं लागतं. पहिल्या काही निवडींनंतर शक्यता झपाट्याने घसरते आणि शेवटच्या फेऱ्यांतले बहुतेक एनएचएलपर्यंत पोचत नाहीत. डेट्रॉइटचे लोक पावेल दात्सुक (१९९८, १७१वा) आणि हेन्रिक झेटरबर्ग (१९९९, २१०वा) यांची नावं घेऊन दर वर्षी सातव्या फेरीकडून चमत्काराची आशा धरतात, तीही चूकच. त्या काळी युरोपातल्या दूरच्या रिंकवर स्काउट फिरकत नव्हते, डेट्रॉइटचा स्काउट हॉकान अँडरसन फिरला. आता प्रत्येक सामना चित्रफितीवर सगळ्यांना दिसतो.

पण 'सगळे' म्हणणं खोटं. एमिट फिनी २०२३मध्ये सातव्या फेरीत, २०१वा निवडला गेला. ऑक्टोबर २०२५मध्ये मोसमाच्या सुरुवातीपासून तो संघात होता, आणि तोही कर्णधार डिलन लार्किन आणि रेमंडच्या फळीत. उलट २०१८चा सहावा फिलिप झाडिना. जवळपास सगळ्या याद्यांत वर, ज्युनियरमध्ये ५७ सामन्यांत ८२ पॉइंट. तो सहाव्या क्रमांकापर्यंत उरला म्हणून डेट्रॉइटमध्ये आनंदीआनंद झाला होता. २०२३मध्ये परस्परसंमतीने त्याचा करार रद्द झाला. त्याच्यापाठोपाठ सातवा निवडला गेलेला क्विन ह्यूज शेजारी ॲन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीत खेळत होता. सर्वोत्तम बचावपटूची २०२४ची नॉरिस ट्रॉफी त्याची.

हा तक्ता पुन्हा पुढे पाठवणार असाल तर निदान एवढे रकाने जोडा: पूर्ण जन्मतारीख, लीग, सामन्यागणिक मिनिटं, पाच-विरुद्ध-पाचचे पॉइंट, कराराचं वर्ष आणि वेव्हर्सची उरलेली सूट. गोलकीपरांचा तक्ता वेगळा करा. आणि दुखापत-आजारपणात गेलेल्या सामन्यांचा एक रकाना ठेवाच. रॉसीचा ड्राफ्टनंतरचा पहिला मोसम कोविडनंतर हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेत गेला आणि एनएचएलमधला पूर्ण मोसम खेळायला त्याला २०२३-२४ उजाडलं. तुमच्यासारख्या तक्त्यात त्या वर्षांपुढे नुसता शून्य दिसला असता.