टायरवर ११५ छापलंय, मग ७० का भरली? तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार दोनदा वाचली. सायकलच्या टायरवर ११५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) छापलेलं असताना सर्व्हिसिंगमध्ये आम्ही मागे ७० आणि पुढे ६२च हवा भरली, दहा दिवसांत मागची ट्यूब गेली, म्हणजे कामात हयगय झाली, असं तुमचं म्हणणं.

आधी आमची चूक सांगतो. पंक्चर काढताना ट्यूब मी स्वतः पाहिली. बोटभर अंतरावर, शेजारी शेजारी, दोन बारीक चिरा होत्या. खिळा किंवा काच घुसली तर सहसा एकच भोक पडतं. अशी जोडी दिसली की समजायचं, खड्ड्याच्या कडेवर टायर पार रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मध्ये चिमटली. म्हणजे हवा कमी पडली, हे तुमचं अगदी बरोबर. आम्ही तुमचं वजन आणि टायरची २८ मिलिमीटर रुंदी बघून ७० ठरवले. कॅरिअरवर रोज दोन भरलेल्या बॅगा असतात का, हे विचारलंच नाही. शिवाय पंक्चर नसलं तरी ट्यूबमधून हवा झिरपत राहते, दर आठवड्याला गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावून बघावं लागतं, हेही सायकल देताना सांगायचं राहिलं. दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो. नवी ट्यूब आमच्याकडून.

पण ११५ भरून देणार नाही. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे. त्याच्या वर जाऊ नका, एवढंच तो सांगतो. चालवणारा ५० किलोचा की ९० किलोचा, हे टायर बनवणाऱ्याला कुठून कळणार? इतकी हवा भरली की टायर दगडासारखा कडक होतो. हाताला हादरे बसतात म्हणून वेग वाढल्यासारखा वाटतो, पण खडबडीत रस्त्यावर चाक उडत राहतं आणि पायातली ताकद त्यातच वाया जाते. ओल्या वळणावर पकड सुटते, त्याची मला जास्त काळजी वाटते.

तुमच्या बॅगांचा भार मागच्या चाकावर येतो, त्यामुळे मागे ८० ते ८५ करून बघू, पुढे ६५ पुरतील. बॅगा लावूनच सायकल आणा. तुम्ही बसल्यावर टायर किती दबतो ते बघून आकडा पक्का करू आणि लिहून देऊ. घरचा पंपही आणा. दोन गेजमध्ये ५ पीएसआयचा फरक सहज निघतो, तोही ताडून घेऊ.