खरखर नेमकी कुठून येते?

अकूस्टिक गिटारच्या लाइट गेजच्या, म्हणजे बारीक जाडीच्या, सहा तारा सुरात आणल्या की सगळ्या मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ताण देतात. म्हणजे एक धडधाकट गृहस्थ जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीला अहोरात्र लटकलेला असतो, आणि त्या फळीने वर गोडही बोलावं अशी आपली अपेक्षा. तिने बंड केलं नाही तरच नवल.

बंडाचा पहिला प्रकार म्हणजे खरखर. ही ऐकली की माणसाचा हात थेट ॲलन कीकडे, म्हणजे गिटारच्या दांडीतली सळी फिरवायच्या किल्लीकडे, जातो. माझं ठाम मत आहे की ॲलन की गिटारसोबत देऊच नये. आधी परीक्षा घ्यावी. प्रश्न एकच: खरखर कुठे येते? फक्त मोकळी तार वाजवताना येत असेल, तर नटची, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीची, खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) येत असेल, तर नेक, म्हणजे दांडी, फार सरळ झाली आहे किंवा उलटी वाकली आहे. वरच्या, म्हणजे खोक्याकडच्या, फ्रेटवरच येत असेल, तर सॅडल (खोक्यावर तारा टेकतात ती पट्टी) बुटकी असण्याचा संभव जास्त. आणि कुठेही, कधीही, मूड लागेल तशी येत असेल, तर आधी खुंट्यांचे स्क्रू आणि तारांची लोंबती टोकं बघा. तिथेच काहीतरी थरथरत असतं आणि आपण नेकला दोष देत बसतो.

नेक मोजायची तीही तारा सुरात असताना. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाडी ई तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असली की झालं. तिथे व्हिजिटिंग कार्ड आरामात शिरत असेल, तर बाक जास्त आहे. ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली ती सळी, घड्याळाच्या दिशेने फिरवला की साध्या रॉडमध्ये बाक कमी होतो, उलट फिरवला की वाढतो. एका वेळी अष्टमांश वळसा, मग पुन्हा सूर लावून मोजणी. रॉड हटून बसला तर आपण हटू नये. तुटलेला रॉड बदलायला फ्रेटबोर्ड उचकटावा लागतो. आणि ट्रस रॉड ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमी करण्यासाठी नसतो. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि पाळत कोणीच नाही.

ॲक्शनचं ठिकाण सॅडल. बाराव्या फ्रेटवर जाड्या ई खाली २.४ आणि बारक्या ई खाली १.९ मिलिमीटरच्या आसपास अंतर बहुतेकांच्या बोटांना मानवतं. अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून सॅडलचा तळ घासायचा. वरच्या कडेला हात लावायचा नाही, तिचा उतार मुद्दाम दिलेला असतो. तळ तिरपा झाला की सॅडल खाचेत टेकतच नाही आणि आवाज मेल्यासारखा येतो. घासलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून दर पाच-दहा घाशांनंतर मोजा. 'अजून थोडंसं' हा शब्दप्रयोग या कामात बंद करावा.

पण हे सगळं हवेच्या मर्जीवर. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असताना लाकूड शहाण्यासारखं वागतं. कोरड्या हवेत वरची फळी बसते, ॲक्शन उतरते, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहात ओरबाडतात. दमट हवेत फळी फुगते आणि ॲक्शन चढते. म्हणजे आज घासलेली सॅडल ऋतू पालटला की बुटकी ठरू शकते. चाणाक्ष लोक दोन सॅडल ठेवतात.

नव्या तारा चढवताना आणखी एक गंमत. खोक्यावर तार धरून ठेवणारी पिन दाबून बसवली आणि खुंटी पिळली, की पिन टणकन उडून कपाटाखाली जाते. कारण तारेच्या टोकाचा गोळा पिनच्या टोकावर अडकलेला असतो. टोकाजवळ तार किंचित वाकवून आत सोडा, पिन बसवताना तार वर ओढा. गोळा आतल्या ब्रिज प्लेटला, म्हणजे फळीच्या खालच्या बाजूच्या लाकडी पट्टीला, टेकला पाहिजे. जाड तारांना दोन-तीन वेढे पुरे, खालच्या दिशेने. सूर नेहमी खालून वर आणायचा. खुंटी पिळताना 'टिंग' असा आवाज आला तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

एवढं झाल्यावर ट्यूनर सहाही तारांना हिरवा दिवा देतो, आणि ई मेजर कॉर्ड तरीही बोचतो. दोष कुणाचाच नाही. गिटारच्या समान अंतराच्या स्वररचनेत मेजर थर्ड (कॉर्डमधला गांधार) शुद्ध तृतीयेपेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचे शंभरातले १४ भाग, चढा असतो. तिसरी तार उतरवून ई गोड केला, तर जी कॉर्ड बेसूर. तेव्हा तडजोड करायची आणि वाजवायला बसायचं. तेवढ्यात गाणारा म्हणतो, "जरा वरच्या पट्टीत घे ना." कॅपो लावा. सगळ्या तारा थोड्याथोड्या चढतात, पण सारख्या चढतील तर शपथ.