खुलासा: कांद्याच्या रसाने मोतीबिंदू विरघळत नाही

‘कांद्याचा रस आणि मध रोज डोळ्यांत घाला, मोतीबिंदू विरघळतो, ऑपरेशन करायचंच तर तो पिकल्यावर करा,’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर चढलेला पडदा नव्हे. बाहुलीमागचं भिंगच गढूळ होतं. अंडं उकडलं की पांढरा भाग पुन्हा पारदर्शक होत नाही, तसंच भिंगातल्या प्रथिनांचं होतं. रसाने ते निवळत नाही. उलट डोळ्याला इजा होते, जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पिकण्याची वाट पाहणं हा जुन्या पद्धतीच्या काळातला सल्ला. आता फेको पद्धतीत २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात आणि तिथे कृत्रिम भिंग बसवतात. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, शस्त्रक्रिया अवघड होते. कधी डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते.

माझ्या आईला तांदळातले खडे दिसेनासे झाले, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू लागली. पिकायची वाट न पाहता आम्ही तपासणी केली. कळकळीने सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत असलं काही घालू नका.