पडवीत बसून अर्थव्यवस्था समजून घ्या

अर्थव्यवस्थेची संरचना बदलतेय, असं टीव्हीवरच्या तज्ज्ञाने सांगितलं की घाबरू नका. आवाज बारीक करा, पडवीत येऊन बसा आणि जाणकारासारखी मान हलवा. निम्मं काम तिथेच होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी आर्थर लुईस हे नाव पाठ करा. शेतात माणसं जास्तीची असतात, ती कारखान्यात गेली की देश पुढे जातो, असं त्यांनी १९५४ साली मांडलं. १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं. आपले कोकणातले पणजोबा त्याच्या कितीतरी आधी बोटीत बसून गिरणगावात पोचले होते. पण त्यांनी घरी नुसत्या मनिऑर्डरी धाडल्या, सिद्धांत धाडला नाही. भोगा आता.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार पुढारी दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही म्हणतात, म्हणजे कागदोपत्री आजोबा अजून संपावरच आहेत. दरम्यान लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. याला ‘सेवा क्षेत्राकडे वाटचाल’ म्हणायचं. आजोबा साचे चालवायचे, नातू एसीत शर्टांच्या घड्या घालतो. कापडाशी घराण्याचं नातं तुटलं, असं कोणाची म्हणायची टाप आहे?

लुईससाहेबांचं म्हणणं आपण जरा जास्तच मनावर घेतलं, एवढंच. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. आता हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी असतो. तिकडे त्याची म्हातारी इथून जाणाऱ्या पैशांची वाट बघते. म्हणजे आपण गावात बसल्या बसल्या मुंबई झालो! अभिनंदन करून घ्या.

राहता राहिलं भांडवल. सामायिक विहिरीतला गाळ काढायला जे चुलते वर्षानुवर्षं जमले नाहीत, ते डोंगर विकायचा म्हटल्यावर डोंबिवली, नालासोपाऱ्याहून तुतारी एक्सप्रेस पकडून सह्यांना हजर होतात. ह्यालाच भांडवलाची गतिशीलता म्हणतात. उगाच भावुक होऊ नका, सातबाऱ्यावर आपलं नाव नीट लिहिलंय ना तेवढं बघा.

त्या डोंगरावर रिसॉर्ट होईल आणि गेटवर वॉचमनची जागा निघेल. अर्ज लगेच करा. स्थानिकांना प्राधान्य देऊ म्हणालेत. पण अनुभव विचारला तर नेपाळ्याचा जास्त भरेल.