आप्पा, तुमचा कमांडोज अवघड नव्हता, फक्त गैरसोयीचा होता

हे वाक्य माझं नाही, पुतण्याचं आहे. कमांडोज म्हणजे आमच्या वेळचा, लपतछपत शिपाई मारायचा कॉम्प्युटर गेम. पुण्याला इंजिनिअरिंगला असतो, सुट्टीला घरी आलाय. मे महिना, अमळनेरला पारा ४५ ला टेकलेला. दिवसभर पोरगं कूलरसमोर बसून डेस्पराडोस थ्री खेळतं, त्याच जातीचा नवा गेम. परवा मी मागून सहज म्हणालो, "आमच्या वेळेला असलं लाडाचं नव्हतं बाबा." त्यावर त्यानं मान न वळवता हे वाक्य फेकलं. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. दोन रात्री शेतात पाण्यावर होतो, तेव्हा डोक्यात तेच. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

आधी आमचं सांगतो. अकरावीत होतो, २००१ साल. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. आम्ही तिघं मिळून एक तास घ्यायचो. खुर्ची एक, माउस एक. एकजण माउसवर, दुसरा गस्तीवरच्या शिपायावर नजर ठेवून, तिसरा दाराकडे, म्हणजे कोणाचा बाप तर येत नाही ना हे बघायला. खऱ्या अर्थानं टोळीच होती आमची!

कमांडोज: बिहाइंड एनिमी लाइन्स १९९८ ला आला. बनवणारे माद्रिदचे, पायरो स्टुडिओज. आम्ही तो कायम इंग्रजांचाच समजत होतो, कारण त्यात इंग्रज जर्मनांना मारतात. सहा माणसं, वीस मिशन. नकाशा वरून तिरका दिसायचा. शिपायावर टिचकी मारली की त्याच्या नजरेचा हिरवा पंखा पसरायचा. जवळचा भाग फिका, त्यात सापडलात की मेलात. लांबचा भाग गडद, त्यात पोटावर सरपटत गेलं तर खपून जायचं. एका वेळी एकाच शिपायाची नजर बघता यायची. बाकीचे कुठे बघतायत ते आपण ध्यानात ठेवायचं.

म्हणून तो दुसरा माणूस लागायचा. आमच्यातला एक मोठ्यानं आकडे मोजायचा. शिपाई भिंतीपर्यंत जाणार, वळणार, परत येणार, म्हणजे अकरा. पलीकडचा उभा शिपाई डावीकडे बघतो तो चारपर्यंत. "थांब... थांब... अजून थांब... आता जा भो, जा जा जा!" आणि ग्रीन बेरे, म्हणजे सहांतला चाकूवाला, बर्फावरून निघायचा. मधल्या तीन सेकंदांत आम्ही तिघांनी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. मुडदा उचलून आडोशाला टाकला की मग मागून कोणीतरी पाठीत धपाटा घालायचं. तो धपाटा हाच आमचा स्कोअर.

सहाही जणांची कामं वाटलेली. पाण्यात उतरायचं तर मरीनच, होडी त्याच्याकडेच. बॉम्ब सॅपरचा. जर्मन वर्दी घालून शत्रूशी गप्पा मारायला स्पाय. स्नायपरकडे गोळ्या मोजक्या, एक वाया गेली की तिघांत भांडण. ड्रायव्हर बिचारा अर्धं मिशन झुडपामागे झोपून असायचा, लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा. पण एकदा रणगाडा हाती लागला की मग तोच नवरदेव. हे असमान वाटप मला आजही आवडतं. नव्या गेममध्ये बहुतेकांना सारखं वाढलेलं ताट असतं: एक मारायची कला, एक भुलवायची, एक बंदूक. कोणी रिकामा बसत नाही. न्याय्य आहे, कबूल. पण झुडपामागच्या माणसाची मजा गेली.

चीट कोडचंही सांगून टाकतो, नाहीतर जुने दोस्त कमेंटमध्ये काढतील. गोन्झो हा शब्द आणि १९८२ हा आकडा जोडून टाइप केला की कीबोर्डची दोन बटणं दाबून माणूस नकाशावर कुठेही उडी मारायचा. गोन्झो म्हणजे काय, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. गेमच्या मुख्य डिझायनरचंच नाव होतं ते, गोन्झो सुआरेझ. आम्ही तो एखादा मंत्र असल्यासारखा म्हणायचो.

कॉलेज संपल्यावर घरी सेकंडहँड कॉम्प्युटर आला. तेव्हा आबा एकदा मागे उभे राहून बघत होते. आबांनी उभा जन्म मक्यात जागल केली. रानडुकरं यायची, माळ्यावर रात्र रात्र बसायचे, बॅटरी आणि डबा घेऊन. पाच मिनिटं त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हाऊ शिपाई मांगे काबर नही दखस रे?" म्हणजे, हा शिपाई मागे का बघत नाही?

मी म्हटलं, आबा, तो असाच फिरतो, ठरलेल्या रस्त्यानं. आबा हसले. म्हणाले, ठरलेल्या रस्त्यानं फिरणारा राखणदार डुकराला दुसऱ्याच रात्री पाठ होतो. जागल करणारा फिरत नाही, एका जागी बसून ऐकतो. दर रात्री जागा बदलतो. बॅटरी मारतो ती शेवटी, आधी नाही.

मला वाटतं या सगळ्या प्रकारच्या गेमवर यापेक्षा चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही. जुन्यातला शिपाई घाण्याच्या बैलासारखा फिरतो, आणि पुतण्याच्या २०२० मधल्या गेममधला शिपाईही घाण्याच्या बैलासारखाच फिरतो. चित्रं बदलली, आवाज बदलले, हे बदललं नाही. बदलणारही नाही, कारण तो बैल शहाणा झाला तर गेमच संपला. आपण डुक्कर आहोत, आणि डुकराला पाठ करता येईल असाच राखणदार इथे लागतो.

मग बदललं काय? माझ्या मते एकच गोष्ट: थांबण्याची किंमत.

मधला काळ पटकन सांगतो. कमांडोज टू २००१ चा. घरात शिरता यायचं, नकाशा फिरवता यायचा, सिगारेटचं पाकीट टाकून शिपायाला भुलवता यायचं. दिसायला देखणा, पण कोणीही कोणाचीही बंदूक उचलायचं, तिथे मला वाटपाचा गोंधळ वाटला. त्याच वर्षी जर्मनीच्या स्पेलबाउंड स्टुडिओनं पहिला डेस्पराडोस काढला, काउबॉयवाला. तो मी फार उशिरा खेळलो. २००३ च्या तिसऱ्या कमांडोजबद्दल न बोललेलंच बरं. मग बरीच वर्षं दुष्काळ.

२०१६ ला म्युनिकच्या मिमिमी नावाच्या छोट्या स्टुडिओनं शॅडो टॅक्टिक्स काढला. १६१५ सालचा जपान, पाच माणसं. माझ्या लॅपटॉपवर तो चालला हेच नवल. आणि खरं सांगतो, पहिल्या रात्री मी रडायचाच बाकी होतो. तोच पंखा, तसाच पाठमोरा शिपाई, तशीच बर्फावर उमटणारी पावलं. फक्त आता सगळं समजत होतं. कोण कुठे बघतोय, आवाज कुठपर्यंत जाईल, सगळं गेम स्वतः दाखवतो. गवती टोपीवाला शिपाई साकेची, म्हणजे जपानी दारूची, बाटली दिसली तरी जागा सोडत नाही. सामुराई वेषांतराला फसत नाही. दोन-चार प्रकारचे शिपाई, पण ते एकमेकांसमोर असे उभे केलेले की नकाशातला प्रत्येक चौक वेगळं कोडं होतो.

डेस्पराडोस थ्री त्याच लोकांचा, २०२० चा. त्यात इझाबेल नावाची बाई आहे, जादूटोणा करणारी. ती दोन शिपायांना एका अदृश्य दोऱ्यानं बांधते, मग एकाला जे होईल ते दुसऱ्याला. वर गच्चीवर एकजण एकटा उभा आहे, खाली दुसरा चार जणांत. तुम्ही एकट्याला मारता आणि चार जणांच्या मधोमध तो दुसरा आपोआप कोसळतो. आम्ही अकरावीत हे बघितलं असतं तर खुर्ची मोडली असती.

यात वेळ थांबवून प्रत्येकाची पुढची चाल आधी ठरवता येते. मग एक बटण दाबलं की चौघं एकदम हलतात. आमचं "थांब थांब जा" मशीन करतं, आणि आमच्यापेक्षा चांगलं करतं. मिशन संपल्यावर तुम्ही कुठून कुठे गेलात ते नकाशावर भराभर पळवून दाखवतं. गेम म्हणून नवे चांगले आहेत. जुने चांगले म्हणणाऱ्यांनी आज पहिला कमांडोज काढून अर्धा तास खेळून दाखवावा, मग बोलू.

पण सेव्ह. एफ-फाइव्ह बटण दाबलं की सेव्ह, एफ-एट दाबलं की परत त्या सेव्हपाशी मागे. शेवटचं सेव्ह करून मिनिट झालं की गेमच आठवण करून देतो, अहो, सेव्ह करा. पुतण्या खेळताना बोटं बघा त्याची. शिपाई बघायच्या आधी धावतो, मरतो, मागे. पुन्हा धावतो, मरतो, मागे. सातव्यांदा जमतं. त्यानं शिपायाचा रस्ता पाठ केलेलाच नसतो. आम्ही आधी विचार करून मग पाय टाकायचो, हा आधी पाय टाकतो आणि मेल्यावर विचार करतो. हे मी त्याला परवा सुनावलं.

तर तो म्हणाला, "आप्पा, कमांडोजमध्येपण मिशनच्या मधे सेव्ह करता येतं की."

येतं. तेव्हाही येत होतं. पण सायबरच्या मशीनवर आमचं सेव्ह दुसऱ्या दिवशी शिल्लक असेल याची खात्री नव्हती. कोणीतरी त्यावर स्वतःचं चढवायचं, नाहीतर मालक सगळं पुसायचा. म्हणून मिशन संपल्यावर जो छोटा कोड यायचा तो केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. आणि दुसरं म्हणजे लाइट. लोडशेडिंगचे दिवस. शेवटचा एक शिपाई उरलाय, सॅपर बॉम्ब लावतोय, आणि पडदा काळा. बाहेर मालक म्हणणार, "चला पोरांनो, उरलेली दहा मिनिटं उद्या." आमची शिस्त गेमनं लावलेली नव्हती, वीजवाल्यांनी लावली होती. त्या बाबतीत पोरगं बरोबर आहे: अर्धा अवघडपणा गैरसोयीचाच होता.

उरलेल्या अर्ध्यावर मी अडून आहे. सध्या मी डेस्पराडोस थ्री स्वतःच्या नियमानं खेळतो: एका चौकाला एकच सेव्ह. मेलो तर चौक पहिल्यापासून. पुतण्या याला छळ म्हणतो. पण वीस मिनिटं नुसतं बघत बसलो की त्या नकाशातली माणसं दिसायला लागतात. कोण दर फेरीला विहिरीशी थांबतो, कोण कोणाशी बोलायला जातो. हे सगळं बनवणाऱ्यांनी हातानं मांडलेलं असतं, आणि सात वेळा धावून मरणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

मिमिमीनं २०२३ ला शॅडो गॅम्बिट काढला, मेलेल्या चाच्यांचा. त्यात सेव्ह करणं हेच गोष्टीचा भाग केलं, जहाजच आठवणी साठवून ठेवतं. म्हणजे लाज वाटायची ती वस्तू उचलून देव्हाऱ्यात ठेवली. हुशारीच ती. आणि त्याच महिन्यात त्यांनी स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. दीडेक दशकाचा ताण घरापर्यंत पोचला, म्हणाले. इतकं चांगलं काम करणाऱ्यांनी दुकान बंद करावं, याचं मला जवळच्या माणसासारखं वाईट वाटलं.

२०२५ मध्ये कमांडोज ओरिजिन्स आलाय, दुसऱ्या स्टुडिओचा, तीच सहा माणसं पहिल्यांदा कशी भेटली त्याचा. दोघांना मिळून खेळता येतो. पुतण्याला म्हटलं, चल, तू माउस धर, मी मोजतो. तो म्हणाला, आप्पा, तसं नसतं, दोघंही खेळतात, नुसतं मोजायला कोणी नसतं.

आज शेतीची लाइट रात्री बाराची आहे. लॅपटॉप घेऊन शेतात चाललोय. मोटर सुरू झाली की लिंबाच्या बागेत पाणी शेवटच्या ओळीला पोचायला तास-दीड तास लागतो. तेवढ्यात एक चौक होतो.