टाळक्यावरचा प्रसाद

कपाळावर टेंगूळ आलंय आणि ते ठणकतंय, हे आधी नोंदवून ठेवतो.

रविवार हा जोतिबाचा वार, म्हणून आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाडी रत्नागिरीला, त्याच्या देवळात गेलो. देवळाच्या आवारात ‘चांगभलं’चा गजर झाला, गुलाल उडाला आणि त्यातून खोबऱ्याची अख्खी वाटी येऊन कपाळावर बसली. आमच्या जिल्ह्यानं 2024 साली नेमबाजीत ऑलिंपिकचं पदक आणलं, त्याचा अभिमान आहेच. पण प्रत्येकानं सराव करायलाच पाहिजे का?

मी कपाळ धरून मटकन खाली बसलो. शेजारच्या मावशींनी हात जोडले.

“नशीबवान हाईस बाबा! देवानं नेमकं तुलाच दिलं.”

“मावशी, रक्त आलंय का बघा जरा.”

“न्हाई रं, गुलाल हाय त्यो. वाटी कुटं पडली?”

वाटी माझ्या पायाशीच होती. मावशींनी ती उचलली, फुंकर मारली आणि पदरात टाकली. मला खोबऱ्याची आवड नाही, तरी तोंडातून गेलं, “ती माझी आहे.”

एक फेटेवाले आजोबा मध्ये पडले. “बराबर. ज्येच्या टाळक्यात बसली, त्येची.”

“टाळकं त्येचं, पर पदर माजा! सकाळधरनं पसरून उबी हाय मी. ह्यो आत्ता आलाय.”

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. “ते बी खरंच म्हना.”

म्हणजे मार खायलाही रांगेत उभं राहावं लागतं तर! राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधलेल्या त्या देवळाच्या फरशीवर मावशींनी वाटी आपटली आणि नखाएवढा तुकडा मला दिला. “घे. लागलंय न्हवं तुला.”

ज्यानं वाटी फेकली, तो मागे वळूनही न बघता पुढची वाटी पिशवीतून काढत होता. चैत्र यात्रेला लाखो लोक येतात, तेव्हा दरवर्षी सांगतात, खोबऱ्याचे बारीक तुकडे करून उधळा. ऐकतं कोण? तुकडे केले की भक्तीचेही तुकडे होतात बहुतेक. उद्या कुणाचा डोळा गेला, तरी त्यालाही नशीबवानच म्हणतील. वर कानात गुलाल, तो आंघोळ करूनही निघत नाही.

डॉक्टरांनी बर्फ लावायला सांगितलं. शर्टाकडे बघून म्हणाले, “जोतिबाला गेला होता? मग प्रसाद?”

खिशातला तो नखाएवढा तुकडा काढून दिला. त्यांनी डोळे मिटून तोंडात टाकला. फी मात्र पूर्ण घेतली.